तळाच्या तारेवर आलेली लाट

मे महिन्यात मी तासगावला वडिलांकडे, आण्णांकडे, आले होते आणि त्याच आठवड्यात अरबी समुद्रात वादळ उठलं. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालायचं. समुद्राच्या तळाशी इंटरनेटची केबल टाकलेली असते. तिच्यातल्या काचेच्या धाग्यातून आम्ही लेसरचा प्रकाश सोडतो. वरून लाट गेली की तळावरचा दाब बदलतो, धागा किंचित ताणला जातो आणि परत येणाऱ्या प्रकाशात तो ताण दिसतो. वर समुद्र किती खवळलाय, ते त्यावरून कळतं.

आण्णा फौजेतले, टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या सिग्नल तुकडीतले. पाठीवर वायरचं रीळ घेऊन डोंगर चढलेले. एरवी त्यांनी केबलबद्दल शंभर प्रश्न विचारले असते. पण माझा धाकटा भाऊ एका टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिन सांभाळतो आणि ती बोट वादळ अंगावर झेलून बंदराकडे परतत होती.

लाटा मोजणारा तरंगता बोया सकाळीच बंद पडला होता. उरली होती आमची केबल. ती बंदराच्या तोंडाजवळूनच जाते.

दुपारी भावाचा फोन आला. आवाज तुटत होता.

"ताई, दोनातलं एक इंजिन बंद पडलंय. पण वारं पडलंय आता. आत घेतील आमास्नी."

मी स्क्रीनकडे पाहिलं. वारं पडलं होतं, पण लांबून आलेल्या लाटा थांबल्या नव्हत्या. खोल पाण्यात अशा लाटा बोटीखालून निघून जातात. बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ, तिथे त्या उंच होऊन फुटतात. एका इंजिनावर बोट तिथे लाटांना आडवी होऊन उलटली असती.

"येऊ दे की आत," आण्णा म्हणाले. "भाईर एका इंजिनावर किती दम काढतील?"

"आण्णा, खरा धोका तोंडाशीच आहे."

"हितं बसून तुला काय दिसतंय गं?"

बंदराच्या कार्यालयाशी बोलायचं काम माझ्या वरिष्ठांचं. त्यांना फोन लावला. "सर, त्या बोटीवर माझा भाऊ आहे. मी लावलेल्या अर्थावर जाऊ नका, तुम्ही स्वतः बघा."

त्यांनी आपल्या स्क्रीनवर तीच नोंद उघडली. मग म्हणाले, "मलाही तेच दिसतंय. आत घेऊ नका म्हणून सांगतो."

बोटीला खोल पाण्यातच थांबायला सांगण्यात आलं. त्यानंतर भावाचा फोन लागेना.

समुद्रावरून सरकलेलं वारं संध्याकाळी आमच्याकडे पोचलं. शेजारच्या बेदाण्याच्या शेडवरची जाळी फाटून फडफडू लागली, मग वीज गेली. मोबाइलच्या इंटरनेटवर मी लॅपटॉप चालू ठेवला. आण्णा उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. मधेच ते उठून माझ्याजवळ आले आणि स्क्रीनवरच्या आलेखावर बोट ठेवलं.

"ही रेघ वर गेली म्हंजी काय?"

"लाट मोठी."

"आनि खाली कवा येनार?"

"माहीत नाही, आण्णा."

ते तिथेच खुर्ची ओढून बसले. आम्ही दोघं त्या रेघेकडे पाहत राहिलो. मी एकदा चहा करते म्हटलं, तर त्यांनी नुसता हात हलवला. बोट बाहेर उलटली तर यांच्या तोंडाकडे कशी बघणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रेघ पहाटेपर्यंत हळूहळू उतरली. सकाळी बंदरातून दुसरी टगबोट गेली आणि तिनं त्यांना ओढून आत आणलं. भावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पार बसलेला होता.

"थांबा म्हननारी तूच व्हय गं?"

"हो."

"रातभर शिव्या घातल्या मी तुमा लोकांस्नी. उलट्या करकरून जीव गेला." मग म्हणाला, "आत येताना तोंडाशी बघितलं. लाटा उतरल्या तरी अजून फुटत हुत्या. काल आलो असतो तर..."

आण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "काय खाल्लंस का न्हाई?" एवढंच विचारलं आणि फोन कानाला लावून अंगणात गेले. खिडकीतून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. खांदे हलत होते.

मी स्क्रीन बंद केली नाही. बाहेर समुद्रात अजून दोन मच्छीमार बोटी होत्या.