वाळवंटातल्या म्हशी

राजस्थानच्या सहलीला मामाजींना नेलं नाही, कारण मीच नको म्हटलं होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली, तरी बॅग भरून बसले होते. "मले वाळवंट पाहाचं हाये पोरी. उजेड-अंधार तं दिसतेच अजून." मी म्हटलं, ऊन सोसणार नाही तुम्हाला. खोटं होतं ते. मला पहाटे उठून, रंगांची पिशवी पाठीवर टाकून एकटीनं हिंडायचं होतं. हात धरून कोणाला चालवायचं नव्हतं.

हिंडले, पोटभर हिंडले. जैसलमेरच्या पलीकडच्या खेड्यांत वाळूवर बसून चित्रं काढली. आमच्या महागावची जमीन काळी, त्यामुळं सवयीनं सावलीत काळा रंग कालवत गेले आणि सगळी वाळू चिखलासारखी झाली. वाळूची सावली जांभळट असते, हे कळेपर्यंत बरेच कागद फाडले. घरी आल्यावर मग मनासारखं एक मोठं चित्र जमलं. गोल झोपड्या, खेजडीचं एक झाड, बाकी नुसती वाळू. ते मामाजींच्या खुर्चीसमोर टांगलं आणि त्यात काय काय आहे ते त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं पाठ केलं. येईल त्याला बसवून दाखवायचे, "पाहा, दूरदूर पाण्याचा थेंब नाही. माही सून जाऊन आली तिथं!"

पुढं ते चित्र मी यवतमाळच्या प्रदर्शनात नेलं. तिथं एका बाईंना ते इतकं आवडलं, की मी देऊन टाकलं. कौतुकानं डोकं फिरलं होतं, दुसरं काय! रिकाम्या खिळ्याला पैनगंगेचं एक जुनं चित्र अडकवलं, तेवढ्याच आकाराचं. मामाजींना आज सांगते, उद्या सांगते, करत राहिले. त्यांना कुठं दिसतंय, असंही मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

एका दुपारी ढाणकीहून त्यांचे एक जुने दोस्त आले. मी चहा घेऊन दारात पोचले, तोवर मामाजींचं सुरू झालं होतं.

"पाह्य, दूरदूर पाण्याचा थेंब नाही!"

"काय सांगून राह्यला बे? हे तं नदी हाये. म्हशी बसल्या न पाण्यात!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मामाजींनी चेहरा दाराकडं वळवला. मग मोठ्यानं हसले.

"अरे हो! मीच म्हटलं होतं तिले, चित्र बदलून लाव म्हून. इसरलो लेका."

"सटकली तुही!" दोस्तानं मांडीवर थाप मारली. मामाजी त्याच्यासोबत स्वतःवरच हसत राहिले. अन् मी? चहा ठेवला आणि आत पळाले.

पाहुणे गेल्यावर त्यांच्या पायाशी जाऊन बसले. "मामाजी, चुकलं माझं."

"जाऊ दे," एवढंच म्हणाले.

ताटात काय कुठं आहे ते मी सांगायचे आणि ते बिनदिक्कत जेवायचे, नजर गेल्यापासून हीच रीत. त्या संध्याकाळीही सांगितलं. "मामाजी, डावीकडं ठेचा आहे, उजवीकडं वांग्याची भाजी, मधात भाकर."

"हो," म्हणाले. मग हळूच बोट लावून एकेक स्वतः पाहिलं.