ब्लास्टिंगची वेळ

कोळशाची खाण बंद झाल्यावर तिच्या जमिनीचं काय करायचं, हे गावकऱ्यांना विचारायला आम्ही नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसातून उमरेडच्या पुढे एका गावात गेलो होतो. नकाशे मीच काढले होते. खड्ड्याच्या जागी तलाव, त्यात बोटिंग, दगडमातीच्या ढिगाऱ्यावर बगीचा. शाळेच्या हॉलमध्ये आमचे साहेब ते रंगवून सांगत होते.

माझ्या शेजारी साठीचा एक माणूस बसला होता. दोन वाजायला आले तशी त्याने समोरची कपबशी उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. बघतो तर सगळ्या रांगेनेच कप धरले होते. साहेब बोलतच होते. थोड्या वेळाने सगळ्यांनी ते खाली ठेवले.

"काय झालं काका?" मी हळूच विचारलं.

"ब्लास्टिंगचा टाइम गा. रोज या टायमाले घर हालत होतं, भांडे पडत होते."

"पण खाण तर बंद झाली ना?"

"झाली. हाताले कोण सांगन?" तो नकाशाकडे बघत राहिला. "तवा शिव्या देत होतो. आता घर हालत नाही. पोरगा, सून पुण्याले गेले कामासाठी. मी भिंतीकडे पाहून राहिलो दिवसभर."

"तलाव झाला की लोक येतील," मी म्हणालो. माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

"येतीन नं," तो म्हणाला. "अन् वापस जातीन."

आम्हीही अंधार पडायच्या आत नागपूरला परतलो.