दादाच्या नावाचा चिखल

दुसरं महायुद्ध जिंकलं कोणी, असं विचारलंत तर मी सांगेन, धरमतरच्या खाडीकाठच्या बायांनी. लोक हसतात. हसू द्या. माझं वय नव्वद, पण मी शंभर सांगते, कारण नव्वदीच्या बाईचं कोणी मनावर घेत नाही. इथं निडीला, माझ्या सासरच्या गावी, माझी नातसून रोज म्हणते, "आजी, थापा पुरे झाल्या. युद्धाचं खरं आठवतं तेवढंच लिहा." बरं बाई, लिहिते. पण ही गोष्टच एका थापेची आहे, तिला मी काय करू?

तेव्हा घासलेट मिळेनासं झालं होतं. आम्ही उंडीच्या बियांचं तेल जाळायचो. धूर असा, की आमचं पांढरं मांजर युद्ध संपेपर्यंत काळंच होतं. कापडाचं तर नावच नको. आयकडे एकच लुगडं. अर्धं अंगावर, अर्धं खांबाला बांधून वाळत, आणि ती त्या खांबाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत. होड्या सरकारनं नेल्या, मासेमारी बसली, आणि खाडीतले खेकडे एवढे माजले की त्यांच्या डेंग्यांना, म्हणजे नांग्यांना, लोक गलबतं बांधायचे. नातसून म्हणते, यातलं खेकड्याचं खोडा. मी नाही खोडणार.

बा मी चालायला लागायच्या आधीच गेला. घरात आय, दादा आणि मी. दादा एकोणीस वर्षांचा. पेणच्या बाजारात ढोल वाजवून भरती चालली होती. मीठ घेऊन गेला आणि शिपाई होऊन आला. छाती मोजताना त्यानं असा श्वास कोंडला, की तो थेट घरी येऊन आयसमोर सोडला. कुठला बूट त्याला बसेना. जन्मभर चिखलात चालून पायाची बोटं बदकासारखी फाकलेली.

आय रडली नाही. तिनं त्याच्या कमरेला नवा करगोटा बांधला, काळा, जाळ्याला मारतात तसली गाठ मारून. जिवंत माणसाची कंबर करगोट्याशिवाय राहत नाही. जुना झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. गाठ आवळून ती म्हणाली, "आता हा सुटायचा नाय."

आता बांधाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची भातशेती खाडीच्या पातळीखाली. खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, आणि उधाणाला त्याला खांडी पडणारच. त्या बुजवायला, बांध उंचवायला बांधाआड जमीन असलेल्या प्रत्येक घरानं एक गडी द्यायचा. दिवाळीनंतर ओहोटी साधून काम चाले. गावचे एक म्हातारबा बांधावर उभे राहून घराघरातल्या गड्याचं नाव पुकारायचे. गडी "हाय!" म्हणून ओरडायचा आणि चिखलात उतरायचा. एखादा गडी मेला आणि घरात दुसरा पुरुष नसला, तर ते नाव गळायचं. त्या घराला काम माफ.

दादा लढाईवर गेला तरी जिवंत होता, म्हणून त्याचं नाव पुकारलं जाई. आय ओरडायची, "हाय!" आणि कासोटा आवळून उतरायची. चिखलाची ढेकळं कापायची, रांगेत हातोहात पुढं द्यायची. बाप्यांचं काम. खाऱ्या चिखलानं तिचे तळवे फाटले. संध्याकाळी मी त्यांना तेल लावायची, तेव्हा त्या भेगांत माझी करंगळी जायची. ही थाप नाही.

मग एक कागद आला. शाळेच्या मास्तरांनी वाचला. दादा ब्रह्मदेशात सापडत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी म्हातारबा बांधावर आयला हळूच म्हणाले, "गो बाय, आता त्याचं नाव नाय पुकारत. तू घरी ऱ्हा."

 आय नुसती बघत राहिली त्यांच्या तोंडाकडे, जणू नाव तिथून बाहेर पडतंय का बघत होती. ते मला सहन झालं नाही. मी दहा वर्षांची, आणि गावात माझ्याइतकी थापाडी दुसरी नव्हती. मी ओरडले, "खोटाय तो कागद! दादाचं पत्र आलंय मला! तो हत्तीवर बसतो. हत्तीला पोहायला शिकवलंय त्यानं. साहेबाला निवट्या मासळीचं कालवण करून घातलं, तर साहेब बोटं चाटत रडला!"

"कुठाय पत्र?" कोणीतरी विचारलं.

"खेकड्यानं बिळात नेलं."

अख्खा बांध हसला. "जल्ली मेली, कशी फेकते बघा!" एक काकी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. हसताना कोणी इतके डोळे पुसत नाही.

आय मात्र म्हातारबांना म्हणाली, "ऐकलास ना? पुकार नाव."

म्हातारबांनी पुकारलं. आय ओरडली, "हाय!"

त्या थापेनं दोन हंगाम खाल्ले. आय रोज विचारायची, "त्याच्या पत्रात आणखी काय व्हतं गो?" आणि मी रोज एक घास भरवायची. दादाच्या पायाला गोळी लागली आणि हत्तीनं सोंडेनं काढली. दादा बढती मिळून हत्तीचा साहेब झाला. ती हसायची, आणि हसता हसता खोकायची. खोकला छातीत उतरला होता. वर्षभरात ती इतकी वाळली, की ढेकूळ तिला धरून चाललंय असं वाटायचं. मी एक शब्द बोलले असते, आय, मी थाप मारली, तर ती घरी बसली असती. पण त्या शब्दानं दादा मेला असता, आणि मारणारी मी. मी हत्तीच वाढवत राहिले.

लढाई संपली. पुढच्या हंगामात एक शिपाई चालत आला, रोह्याकडचा, निडीच्या बाजूच्या भातकऱ्यांपैकी. बांधाच्या टोकाला मी पाण्याची घागर घेऊन बसले होते. त्यानं दादाचं घर विचारलं. मी म्हटलं, मी त्याची बहीण. तो खाली बसला, खिशातून एक रुमाल काढून उलगडला.

आत करगोटा होता. कापलेला. गाठ तशीच.

"आयला नको दाखवू," मी म्हटलं. "तिला सांग, तो मागनं येतोय."

"मला खोटं नाय बोलता येत, बाय."

"नाय येत तर गप ऱ्हा!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली चिखलात रांगेतल्या आयकडे. करगोटा माझ्या मुठीत कोंबला. बूट काढले, विजार गुडघ्यावर दुमडली आणि आयच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गोड्या जमिनीतला माणूस, पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतला. लोक हसले. आयनं त्याला बखोट धरून वर ओढलं.

"कुणाच्या नावाचा गडी रं तू?" तिनं विचारलं.

 त्यानं तिच्या हातातलं ढेकूळ घेतलं, पुढं दिलं. पुन्हा हात पसरले. तिनं पुन्हा विचारलं नाही. भरती लागेपर्यंत दोघं तसंच काम करत राहिली, आणि त्या दिवशी आयच्या वाट्याचं एकही ढेकूळ त्यानं दुसऱ्याला घेऊ दिलं नाही. जाताना तिच्या पाया पडला आणि बूट हातात घेऊनच निघून गेला.

करगोटा मी भाताच्या कणगीत खुपसला. त्या संध्याकाळी आयनं पत्राचं विचारलं नाही. मी आपणहून हत्तीचं काढलं, तर म्हणाली, "जेव आता."

पुढं त्याच माणसाच्या भावाला मला दिली. मोठे दीर म्हणून चाळीस वर्षं त्यांना वाढलं. दादा कसा गेला, मी विचारायची; ते म्हणायचे, "भात संपवू दे, बाय." भात कधी संपला नाही.

पण तो शिपाई येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. आता तो बांध नाही, आमच्या शेतात कांदळवन माजलंय आणि गडी द्यायला गावात घरंही उरली नाहीत, तरी ती सकाळ मला खेकड्यांपेक्षा मोठी दिसते.

म्हातारबा पुकारत होते. आमच्या शेजारच्या घराचं झालं. मग दादाचं नाव आलं.

आय उभी होती. बोलली नाही.

म्हातारबांनी पुन्हा पुकारलं, थोडं हळू. सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी श्वास भरला, तोंड उघडलं. आयचा तळवा माझ्या तोंडावर आला. घट्ट. खारट, खरखरीत, भेगाळलेला. मी सुटायला धडपडले, चावलेसुद्धा. तिनं हात काढला नाही.

म्हातारबांनी तिसऱ्यांदा पुकारलं. मग डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं, आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.