ब्राह्मी, शतावरी आणि मळ्यातली खोली

डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. माझ्या मनगटावरची बोटं काढून ते यजमानांकडे वळले आणि म्हणाले, "टायफॉइड आहे. पोर अंगावर पीत असेल तर आजपासून बंद. तिला घरी पाठवा."

टायफॉइड म्हणजे मुदतीचा ताप. मुदत संपल्याशिवाय तो उतरत नाही, आणि महायुद्धाच्या आधीच्या त्या काळात त्याच्यावर नेमकं औषधही नव्हतं. म्हसावदहून बैलगाडीने तापी ओलांडून मला नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं होतं. यमुना, माझी जेमतेम पावलं टाकू लागलेली लेक, माझ्या मांडीवर होती. थोरल्या जाऊबाईंनी, सरूबाईंनी, तिला उचललं. त्यांना मूल नव्हतं. पदराखाली घेऊन त्या बाहेर गेल्या. तिचं रडणं आधी व्हरांड्यात ऐकू आलं, मग आवारात, मग गाडी हलल्यावर ऐकू येईना.

दवाखान्यातले दिवस मला तुटक आठवतात. बार्लीचं पाणी, ताकाची निवळ, कपाळावर ओली घडी. ताप चढला की मी काहीबाही बोलायची. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणत, म्हणजे तापाच्या भरातली बडबड. पलीकडच्या खाटेवरची बाई मला घाबरून तोंड भिंतीकडे करून झोपायची. यजमान येत, पायाशी उभे राहत. शेतीची कामं होती, ते तरी किती थांबणार?

ताप उतरला तेव्हा केस गळून गेले होते आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, "मुलीचं नाव काय तुमच्या?"

तिचा चेहरा डोळ्यांपुढे होता. कानामागचा तीळही दिसत होता. नाव मात्र येईना. नदीचं आहे, एवढं कळत होतं. शेवटी मी म्हणाले, "तापी."

यजमानांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि ते पहिल्यांदा माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून बोलले. याला ॲफेजिया म्हणतात, माणूस ओळखीचा असतो पण शब्द सापडत नाही. तापाने मेंदू शिणला आहे, हळूहळू भरून येईल. कधी, ते सांगता येणार नाही. आणि ताप गेला तरी काही काळ तुमच्यापासून हा रोग दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून पोरीला जवळ घेऊ नका.

घरी परत आणलं ते घरात नाही, मळ्यात. विहिरीशेजारी अवजारं ठेवायची खोली होती, ती सारवून खाट टाकली. मी बोलायला गेले की घागरीला दोर म्हणायची, बैलाला भाऊ. गावात कुणीतरी म्हणालं, बाई येडी झाली. सासऱ्यांनी निरोप पाठवला की अंगावर मांस धरेल, डोकं ठिकाणावर येईल, तेव्हाच पोर हातात देऊ.

सासूबाई ताट आणून ओट्यावर ठेवत आणि परत जात. मोट चालवणारा गडी लांबून जायचा. दुपारभर मी पाण्याचा आवाज ऐकत बसायची. कधी कधी मीच दोन शब्द बोलायची, फक्त आपला आवाज आहे की गेला ते बघायला.

एकदा बांधावरून सरूबाई जाताना दिसल्या. यमुना त्यांच्या कडेवर होती. मी हात केला. तिने बघितलं आणि त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. त्या दिवशी मी ठरवलं की झटपट अंग भरायचं. माहेरहून डिंकाचे लाडू आले होते, तुपाने निथळणारे. दिसेल तेव्हा खात सुटले. चारच दिवसांत पोटात असं दुखू लागलं की श्वास घेववेना, आणि ताप परत आला. पुन्हा नंदुरबारला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा रिलॅप्स, उलटलेला ताप. या रोगात आतड्याला आतून जखमा होतात. त्या भरायच्या आधी जड अन्न गेलं तर आतडं फाटतं, आणि मग आमच्या हातात काही राहत नाही. मरणाच्या किती जवळ जाऊन आले, ते मला तेव्हा कळलं.

त्यातून उठून मळ्यात परतल्यावर यजमानांनी शहाद्याहून वैद्यबुवांना आणलं. नाडी बघून ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मोडू नका, माझं औषध त्याच्या मागून. आधी मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक. खरी भूक लागेपर्यंत औषधी मुळ्यापाल्यांचं नावही नको. भूक लागू लागल्यावर दुधातून शतावरी कल्प, पुढे चिमूटभर आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचं, चूर्ण, आणि सकाळी थोडं ब्राह्मी घृत, म्हणजे ब्राह्मीच्या रसात सिद्ध केलेलं तूप. ब्राह्मी इतकी कडू की डोळ्यांत पाणी यायचं.

निघताना त्यांनी विचारलं, "दिवसभर बोलता कोणाशी?"

मी मान हलवली. कोणाशीच नाही.

ते सासूबाईंकडे वळले. "मग मी तूप देऊन काय करू? शब्द बोलून परत येतात. जरा बसा हिच्यापाशी."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई ताट ठेवून थांबू लागल्या. उंबऱ्याबाहेर बसून डाळ निवडत आणि हातातली वस्तू उचलून दाखवत. "हाई काय शे?" मी चुकायची. त्या हसत नसत, राग राग करत नसत, पुन्हा विचारत. सूप आलं. मुसळ आलं. कधीतरी त्या उठून जाताना मी मागून विचारलं, "यमुना जेवली का?" त्या तिथेच थांबल्या. मग परत येऊन उंबऱ्याशी बसल्या.

आजही बायका मला विचारतात, कोणत्या मुळीने अंग भरलं, कोणत्या पाल्याने डोकं परत आलं. मी नावं सांगते, पण हेही सांगते की ब्राह्मीने किती केलं आणि सासूबाईंनी किती, ते मला वेगळं काढता येत नाही. वजन हळूच वाढू द्या. डॉक्टरला विचारल्याशिवाय तुपाच्या मागे लागू नका. आणि आजारी माणसाला ताट देऊन निघून जाऊ नका.

बांगड्या मनगटावर ठरल्या आणि डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तेव्हा मी घरी आले. ओसरीवर सरूबाई यमुनेला भरवत होत्या. तिने मला न्याहाळलं आणि त्यांना विचारलं, "ती कोन शे?"

इतके महिने मला या बाईची धास्ती होती. पोर आता ही देणार नाही, असं मनात बसलं होतं. सरूबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "ती तुन्ही माय शे. मी तुन्ही मोठी माय."

जेवण झाल्यावर पोर त्यांच्याच मांडीवर झोपली. तिला माझ्यापुढे करत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "लई जा, तुन्ही शे ती." त्यांचे डोळे भरले होते.

"आते नको, बाई," मी म्हणाले. "तिले झोप लागनी शे."

त्यांनी तिला गोधडीवर निजवलं आणि कडेला आडव्या झाल्या. मी माझी गोधडी दुसऱ्या बाजूला अंथरली. यमुनेची माझ्याकडे पाठ होती. तिच्या अंगाला आता सरूबाईंचा, त्यांच्या तेलाचा वास येत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने झोपेत खांदा हलवला, पण हात काढला नाही. पलीकडून सरूबाई बघत होत्या. त्यांनी आपल्या पांघरुणाचं टोक माझ्या अंगावर सरकवलं.