आपल्या गोळ्या, त्यांच्या गोळ्या

पुण्यातल्या एका प्रशिक्षणात पडद्यावर भारत आणि नेपाळ अशा दोन देशांचा नकाशा होता. मध्ये सीमा आणि तिच्यावरून इकडून तिकडे जाणारे बाण. शेजारच्या देशांनी क्षयरोगाच्या रुग्णांसाठी एकमेकांना सहकार्य कसं करावं, असा विषय होता. मी भोर तालुक्यात क्षयरोगाचं काम करते. शेजारी माझी वेल्ह्याची सहकारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आपली हद्द वरंध घाटात संपते, पलीकडे रायगड. आपण कुणाशी सहकार्य करायचं?" आम्ही दोघी हसलो आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलो.

खरं तर नेपाळ आमच्याकडे केव्हाच राहायला आला होता. वेल्ह्याकडे पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले, त्यांच्या फाटकांवर नेपाळी माणसं. कापूरहोळच्या ढाब्यांवर तंदूरपाशीही तीच. महिन्या-दोन महिन्यांत त्यातला एक तंदूरवाला माझ्याकडे आला. आला म्हणजे, ढाब्याच्या मालकीण मावशींनी त्याला दंडाला धरून आणला. किती दिवस खोकतोय विचारलं तर तो म्हणाला, थोडासा. मावशी म्हणाल्या, "थोडासा कसला! रातभर भात्यावानी ढासतोय." तपासणीत क्षय निघाला.

हा आजार बरा होतो, पण सहा महिने गोळ्या चुकवायच्या नसतात. मध्येच सोडल्या तर तो हट्टाला पेटतो आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक रुग्णाला एक माणूस नेमून देतो, ज्याच्या डोळ्यांदेखत त्याने रोज गोळ्या गिळायच्या. मावशींचा नवरा तंदूरवाल्याला गावी धाडायच्या बेतात होता. मावशींनी त्याला मागच्या खोलीत वेगळा ठेवला आणि ते काम स्वतःकडे घेतलं. त्या उत्रोलीच्या, भातशेतीच्या घरातल्या, आवाज खणखणीत. सकाळी आधी नाचणीची आंबील, मग गोळ्या, मग हुकूम, "आ कर." जीभ उचलून दाखवल्याशिवाय सुटका नाही. हायवेवरचे ट्रकवाले चहा पिता पिता हा तमाशा बघायचे.

आमच्या गावांत एक खोड आहे. गोळ्या एकमेकींना देतात. शेजारणीला गुण आला म्हणून उरलेल्या हिने खायच्या. हिर्डोशीला एका आजींनी सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्या गुडघ्यासाठी संपवल्या होत्या. त्यामुळे मी जिथे जाईन तिथे एकच पालुपद लावते, की सरकारी पाकिटातल्याच गोळ्या घ्यायच्या, दुसऱ्या कुणी दिलेल्या तोंडात घालायच्या नाहीत. मावशींनाही तेच सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

तंदूरवाल्याचा खोकला हटला, पण अंगात ताकद नव्हती. आगीपाशी उभं राहवेना. त्यात दसरा जवळ आला. त्यांच्याकडे दसऱ्याला घरी जायचंच असतं. अडवून उपयोग नव्हता, अडवलं असतं तर तो न सांगता गेला असता. मी महिन्याच्या गोळ्या दिल्या, उपचाराचं कार्ड दिलं आणि तिकडच्या केंद्रासाठी कागद वर पाठवला. तो कागद पुण्याला गेला, पुण्याहून आणखी वर. पुढे कुठे कुठे फिरला, देव जाणे. मावशींनी कागदावर विसंबायचं नाकारलं. त्या तंदूरवाल्याला म्हणाल्या, "रोज सकाळी फोन लाव. माज्या म्होरं गिळायच्या. तितं गेलास म्हून सुटलास आसं न्हाई."

आणि तो लावायचा! तिकडचं सिमकार्ड घेऊन, घरामागच्या टेकाडावर चढून व्हिडिओ कॉल करायचा. ढाब्याच्या गल्ल्यावर मोबाईल टेकवून मावशी ओरडायच्या, "आ कर." मला हे ऐकून हसू आलं आणि निर्धास्तही वाटलं. निर्धास्त झालं की माझ्या कामात काहीतरी बिघडतंच.

पुढे एकदा सासवडहून येताना चहाला थांबले. मावशी खुशीत म्हणाल्या, "म्याडम, तुमी सांगितल्यालं ध्येनात ठिवलंय बरं का. आपल्या गोळ्या सरल्या. तितल्या दवाखान्यानं त्याला भलत्याच दिल्या. पाकीट दुसरं, रंग दुसरा. म्या सांगितलं, टाकून दे, आपल्या न्हाईत त्या."

मी चहा खाली ठेवला. किती दिवस झाले, विचारलं. आठवडा झाला असेल, म्हणाल्या. मी भडकले. मावशींवर, स्वतःवर, प्रशिक्षणातल्या नकाशावर ते बाण काढणाऱ्यावर. मावशींचा चेहरा उतरला. "म्हंजे म्याच त्याचं वाईट केलं व्हय?" त्यांनी विचारलं. मी त्यांना फोन लावायला सांगितलं.

तंदूरवाला घरी होता. गोळ्या टाकल्या नव्हत्या, डब्यात ठेवल्या होत्या. आईने टाकायला सांगितलं, पण औषध फेकवलं नाही, म्हणाला. मावशींना तो आई म्हणायचा. मी त्याला त्यांच्या केंद्रात जाऊन तिथूनच फोन करायला सांगितलं. अर्धा दिवस डोंगर उतरून तो गेला. मी तोवर ढाब्यावरच बसून राहिले. दुपार कलल्यावर फोन आला आणि पडद्यावर तिथली नर्स दिसली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच वैतागलेली. आम्ही तोडक्यामोडक्या हिंदीत बोललो. तिने पाकीट धरलं, मी आमचं धरलं. औषधांची नावं वाचली. मुख्य औषधं तीच होती. पहिल्या दोन महिन्यांनंतर द्यायच्या औषधांची त्यांच्याकडची जोडी जराशी वेगळी असते, एवढंच. खंड फार मोठा नाही, आजपासून पुन्हा सुरू करते, ती म्हणाली. वरून पाठवलेल्या कागदाचं विचारलं, तर तिला तो मिळालाच नव्हता.

मावशींना मी समजावलं, पण त्यांचा माझ्यावर आता विश्वास उरला नव्हता. त्यांनी मोबाईल ओढून घेतला आणि थेट नर्सलाच मराठीत विचारलं, "तू सवता बगतीस का त्यो गिळताना?" मी हिंदी केलं. नर्स म्हणाली, रोज कसं जमणार, त्याचं घर वर डोंगरात, आठवड्याच्या गोळ्या एकदम देते. मावशी म्हणाल्या, "मंग सकाळचं म्या बगती. गोळ्या तू दे." नर्सला हे कळायला माझी गरज लागली नाही. तिने मान हलवली.

तसंच झालं. गोळ्या तिकडच्या सरकारच्या, पहारा कापूरहोळचा. मी मधूनमधून नर्सला विचारायचे. तीही मला तिच्या भागातून वेल्ह्याला आलेल्या एका राखणदाराचं विचारायची.

शेवटची तपासणी झाली आणि नर्सने मला कळवलं, थुंकी स्वच्छ, उपचार पूर्ण. मी मुद्दाम वाट वाकडी करून ढाब्यावर गेले. मावशींना सकाळीच कळलं होतं. तो आता परत येणार नव्हता, तिकडेच बाजारात छोटं हॉटेल टाकणार होता. "बरं जालं," त्या म्हणाल्या. मग नव्या तंदूरवाल्याला रोटी करपल्याबद्दल उगाच झापलं.

मी म्हटलं, "मावशी, तुमच्यामुळे वाचला तो. खुश व्हा की."

"खुश हाये की. लई खुश हाये." त्यांनी गल्ल्यावरचा मोबाईल उचलून पदराने पुसला. "पर आता बरा जालाय म्हनल्याव फोन कशाला करंल?"

माझ्या कामात जे बरे होतात त्यांचे फोन खरोखरच येत नाहीत. हे मला कधीपासून माहीत होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.