भोंगामामांच्या वहीतला तिसरा रकाना

भोंगामामा कुजबुजले तरी तीन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं. संकटात धावून जाणाऱ्या एका मोठ्या मदतसंस्थेच्या दवाखान्यात ते बावीस वर्षं जनरेटर चालवत होते. त्या धडधडाटात बावीस वर्षं बोललेला माणूस हळू बोलणार कसा? पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र, शेजारी स्टूल, स्टुलावर वही. वहीत रोज तीन रकाने भरायचे: यंत्र किती तास चाललं, डिझेल किती लागलं आणि दवाखान्यात किती मिनिटं अंधार झाला. पहिल्या दोन रकान्यांत रोज वेगळे आकडे असत. तिसऱ्यात बावीस वर्षं शून्य. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं मामा हे शून्य पाहुण्यांना दाखवायचे.

आणि का दाखवू नये? एकदा वादळात शेडचा पत्रा उडाला, आत ऑपरेशन चालू होतं, आणि हा गडी यंत्रावर ताडपत्री धरून तीन तास पावसात उभा होता. त्या दिवशी जन्मलेलं पोरगं आता कॉलेजात जातं. असा अभिमान माणसाला शोभून दिसतो.

मग मुख्यालयातून पत्रक आलं. पाच वर्षांत संस्थेनं स्वतःचा धूर निम्म्यावर आणायचा, असं ठरलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं, असं मामा म्हणाले, आणि ते अर्थातच दवाखाना सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. पण पाठोपाठ सौरऊर्जेची इंजिनीअर आली. मामांच्या मुलीच्या वयाची, हातात मोजायचं यंत्र, बोलायला धीट.

"मामा, पूर आला की आपण धावतो, दुष्काळ पडला की धावतो," ती म्हणाली. "ज्या धुरानं ही संकटं वाढतात, तोच सोडत धावायचं का?"

मामांना हे पटलं. पटलं म्हणूनच जास्त राग आला.

चार दिवस तिनं जनरेटरमधून निघणारी वीज मोजली. पाचव्या दिवशी मामांदेखत मेट्रनबाईंच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "घोडं अडलंय. तुमचा खप इतका आहे की तेवढे पॅनेल छतावर मावतच नाहीत. दवाखान्याचं नाव सौरऊर्जेच्या यादीतून काढावं लागेल. पुढची यादी चार वर्षांनी."

मेट्रनबाईंचा चेहरा उतरला. मामा "बरं" म्हणून शेडमध्ये गेले. डबा उघडला आणि तसाच बंद केला. कारण वीज कुठे जाते, हे त्या आवारात एकट्या मामांना ठाऊक होतं.

ते यंत्र कुणा दात्यानं दिलेलं, दवाखान्याच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठं. अवजड इंजिनाला काम कमी पडलं की त्याच्या पोटात काजळी धरते, धुराड्यातून काळं तेल गळतं आणि एक दिवस ते बसकण मारतं. म्हणून पहिल्याच वर्षी मामांनी शेडमागच्या टाकीत पाणी तापवायच्या चार जाड कॉइल सोडल्या होत्या. हेतू एकच, इंजिनाला काम मिळावं. चार बादल्या चादरी धुवायला जायच्या, बाकीचं पाणी नुसतं उकळायचं. निम्मं डिझेल त्या वाफेत जात होतं. आणि लोक कौतुकानं म्हणायचे, "मामांचं गरम पाणी!" आता सांगावं, तर बावीस वर्षांचं नाव मातीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेवढ्यात मामी बादली घेऊन आल्या. दवाखान्याची धुलाई त्यांच्याकडेच होती. मामांनी त्यांना सगळं सांगितलं, अगदी हळू, म्हणजे फाटकावरच्या वॉचमनलाही कळलं.

"मला काय आज कळलं?" मामी म्हणाल्या. "चाळीस चादरींना टाकीभर उकळतं पाणी लागतं होय? मला वाटलं, इंजिनाचं पथ्यपाणी असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकू आलं असतं तुम्हाला? आता उठा. त्या पोरीची गाडी निघालीय."

मामा धावले. गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं कबूल केलं. इंजिनीअर गाडीतून उतरली, टाकीत डोकावली, बॉनेटवर कागद ठेवून आकडेमोड करू लागली. आता ही फाडून खाणार, असं मामांना वाटलं.

"म्हणजे खरा खप निम्माच आहे," ती म्हणाली. "मामा, छतावर मावतंय की!" मग जरा अडखळली. "पण हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिही. मी केलं असंच लिही."

"आपल्या आणखी अकरा दवाखान्यांत अशीच थोराड इंजिनं आहेत. तिथेही अशा टाक्या असतील?"

"इंजिनावर जीव लावणारा माणूस असेल, तर असणारच," मामा म्हणाले. "शेडच्या मागे बघ. पुढून दिसायच्या नाहीत."

पुढे नऊ ठिकाणी सापडल्या. मुख्यालयात त्या शोधाला भोंगा तपासणी म्हणू लागले, हे ऐकून मामी आठवडाभर मान ताठ करून हिंडत होत्या.

चार महिन्यांनी पॅनेल बसले, बॅटऱ्या आल्या. स्वच्छ उन्हात सगळे शेडपाशी जमले आणि जनरेटर बंद करायचा मान मामांना दिला. त्यांनी बटण दाबलं. धडधड थांबली. ते थेट वॉर्डात पळाले. दिवे चालू, लशींचा फ्रिज चालू, ऑपरेशनचा दिवा चालू.

"सगळं चालू आहे ना?" ते ओरडले. आठ पेशंट उठून बसले.

"मामा," मेट्रनबाई म्हणाल्या, "आता आम्हाला ऐकू येतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा नेहमीसारखे स्टुलावर बसले. वही उघडली आणि आदल्या दिवसाचे रकाने भरले. मग धुलाईच्या खोलीत जाऊन न बोलता वही मामींपुढे धरली. मामींनी ओले हात पदराला पुसले आणि वाचलं: तास शून्य, डिझेल शून्य, अंधार शून्य.