भाड्याचा साडीगार्ड

मोटरसायकलवरून मी सगळ्यात आधी काढला तो साडीगार्ड. मागच्या चाकाच्या कडेला असलेली ती लोखंडी जाळी. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून सरकारनं सक्तीनं बसवायला लावलेली. आमच्या घरात साडी नेसणारी एकटी आई, आणि तिनं मोटरसायकलवर न बसण्याची जणू शपथच घेतली होती. सिटी बसला लटकून जाईन, पण त्या भुताच्या पाठीवर बसणार नाही, असं ती म्हणायची. म्हणजे ती जाळी आम्ही कोणासाठी वाहत होतो, ते सरकारलाच ठाऊक.

गाडी बाबांची. शंभर सीसीची, लाल टाकीची. बाबा नागपूरकडून दापोडीला आले ते कारखान्यातल्या नोकरीसाठी, आणि बरीच वर्षं सायकल रेटल्यावर त्यांनी ती घेतली. बोलणं मात्र शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. विहारात समतेवर बोलायला उभे राहिले की त्यांना खाली बसवायला लागायचं. "माह्या घरात पोरगी आन् पोरगा येकाच तराजूत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे, कारण ती पोरगी मी होते.

त्याच तराजूनं त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला सांगून ठेवलं होतं, की जो आधी नोकरीला लागेल त्याची गाडी. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला होता. मीटर, प्रेशर, तापमान मोजायची विद्या. कारखाने माणसं कमी करत होते आणि सॉफ्टवेअरवाले कीबोर्ड सरळ धरता येणाऱ्या कोणालाही घेत होते, तेव्हा मीही तिकडे गेले. औंधातल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमची कंपनी होती. स्वयंपाकघरात सर्व्हर होता आणि ओट्यावर मॉडेम. बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"आणि नावावर?" मी विचारलं. मला आधीपासूनच अशी सवय आहे. लोक त्याला आगाऊपणा म्हणतात.

"पंधरा वर्षं होतच आली गाडीले," बाबा म्हणाले. "पासिंगले आरटीओत न्यावंच लागते. तवा येकदमच तुह्या नावावर करून देतो. दोनदा काहून खेपा घालायच्या?"

पटण्यासारखं होतं. पंधरा वर्षं झाली की गाडी दाखवून नोंदणी पुढे चालू करून घ्यावी लागायची. वर्ष-दीड वर्ष राहिलं होतं. तेवढं मी थांबू शकत होते.

आता माझी उंची. अर्जावर मी पाच फूट लिहिते, त्यात चप्पल धरलेली असते. हॅरिस पुलाच्या अलीकडे एकदा सिग्नलला पाय नीट टेकला नाही आणि गाडी माझ्यासकट आडवी झाली. मला लागलं नाही, पण मला ती उचलता येईना. तीन पुरुष धावले. एकानं हँडल धरलं, एकानं मागून उचललं आणि तिसऱ्यानं, ज्यानं काहीच केलं नव्हतं, मला म्हटलं, "अहो, झेपत नाही तर आणता कशाला रस्त्यावर?" मी त्यांना धन्यवादही म्हटलं. त्या धन्यवादाचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी ठरवलं की ही गाडी मला एकटीला उचलता आली पाहिजे. पुण्यातली पोरं तेव्हा गाड्या हलक्या करायची ती वेगासाठी, सिंहगड रस्त्याला एकमेकांना मागे टाकायला. मला कोणालाच मागे टाकायचं नव्हतं. मला फक्त पडले तर उठायचं होतं.

साडीगार्डनंतर पायापुढचा लोखंडी लेगगार्ड गेला. मग मागचं कॅरिअर. मग मेन स्टँड, जो इतका जड होता की काढल्यावर मी तो मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. पत्र्याचे मडगार्ड जाऊन प्लॅस्टिकचे आले. लोखंडी हँडलच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचं, आणि पुढे बोनस मिळाला तेव्हा रिमसुद्धा अ‍ॅल्युमिनियमच्या. सीटमधला फोम मी आईच्या कात्रीनं कापून खाली केला. हे सगळं नाना पेठेत मिळायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं वर न बघताच सांगितलं, "लेडीज गाडीचे पार्ट पुढच्या दुकानात."

"मला गाडीचे पार्ट हवेत," मी म्हटलं. "गाडी लेडीज आहे का ते तुम्हीच विचारा तिला."

तेव्हा त्यानं वर बघितलं. पुढे तो मला ओळखू लागला, पण बिल करताना नाव नेहमी भावाचं विचारायचा.

मीटर मात्र माझी स्वतःची करामत. आमच्या गाडीला वेगाचा काटा तेवढा होता, इंजिन किती फिरतंय ते सांगणारा नव्हता. बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे एका मोटारीचा टॅकोमीटर मिळाला. काळी तबकडी, पांढरे आकडे, मागे हिरवा दिवा. मोटारीचा मीटर मोटरसायकलला जोडला की काटा निम्मंच दाखवतो, कारण तो चार सिलिंडरच्या, दर फेऱ्याला दोन ठिणग्या मोजायला केलेला असतो आणि आमच्या एका सिलिंडरची ठिणगी दर फेऱ्याला एकच. तो नुसता बसवून मिरवणारी पोरं मी पाहिली होती. मी तो उघडला, आतला रेझिस्टर बदलला, आणि माझ्या जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये सरांच्या हातापाया पडून बरोबर जुळवून आणला. तीन शनिवार गेले त्यात. काटा सात हजारावर गेला म्हणजे इंजिन खरोखर सात हजारानं फिरतंय. असा खरं बोलणारा मीटर साऱ्या दापोडीत एकच होता, आणि तो माझ्या गाडीवर होता.

गाडी तयार झाली त्या सकाळी मी ती मुद्दाम अंगणात आडवी केली. शेजारीण ओरडली. मी वाकले, हँडल आणि सीट धरली, पाठ लावली आणि एकटीनं उभी केली. पुन्हा पाडली, पुन्हा उभी केली. इतकी खूश मी पहिल्या पगारालाही नव्हते.

भाऊ तेव्हा कॉलेजात होता. त्याचे मित्र अंगणात येऊन गाडीभोवती बसायचे आणि तो म्हणायचा, "आपणच केलीय, घरीच." मी चहा घेऊन बाहेर आले की मित्र म्हणायचे, ताई लकी आहे, भावाची गाडी मिळते चालवायला. भाऊ हसायचा. खोटं बोलायचा नाही, नुसता हसायचा.

बाबांना यातलं काही आवडत नव्हतं. "लोखंड ते लोखंड," एवढंच म्हणायचे. पण मी काढलेला प्रत्येक भाग ते उचलून न्यायचे, तेलाच्या फडक्यानं पुसायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि पोत्यात भरून माळ्यावर टाकायचे. मला वाटायचं, कारखान्याची सवय आहे. काही टाकायचं नाही.

पासिंगची कागदपत्रं सुरू झाली तेव्हा मी बाबांना सांगितलं, की काही काळजी करू नका. आरटीओच्या बाहेर झाडाखाली माणसं बसलेली असतात. साडीगार्ड, आरसे, लेगगार्ड, सगळं त्यांच्याकडे तासाभरासाठी भाड्यानं मिळतं. गाडीला बांधायचं, साहेबांना दाखवायचं, बाहेर येऊन परत द्यायचं. अख्खं पुणं हेच करतं. एकच साडीगार्ड दिवसभरात शंभर गाड्यांवर बसून पास होतो.

बाबांचा चेहरा कडू झाला. "सरकारी कामात खोटं नाही चालत," ते म्हणाले. "हाये तशी दाखवू, नाही तं होती तशी."

याचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता, असं आता सगळे म्हणतात. मी का विचारावा? गाडी माझी होती.

त्याच सुमाराला कंपनीनं मला एका कामासाठी बंगलोरला पाठवलं. दोन-अडीच महिने. फोनवर बाबा म्हणाले, तू ये, मग बघू. मी निर्धास्त होते. तिथे हॉस्टेलच्या खोलीत झोपताना मी कधी कधी मनातल्या मनात गाडीला किक मारायचे, काटा उठायचा, हजारावर येऊन थरथरत उभा राहायचा.

परत आले तेव्हा अंगणात बाबांची जुनी गाडी उभी होती. मला क्षणभर कळलंच नाही. लेगगार्ड, कॅरिअर, पत्र्याचे मडगार्ड, पोलादी रिम, वर उचलून ठेवलेला मेन स्टँड, आणि मागच्या चाकाला साडीगार्ड, तेल पुसून चकचकीत केलेला. पोतं माळ्यावरून उतरलं होतं. फक्त माझा टॅकोमीटर तेवढा जागेवर होता. त्याचा हिरवा दिवा बाबांना छान वाटायचा म्हणून राहू दिला होता.

"बघ ताई, एकदम ओरिजिनल!" भाऊ म्हणाला. "दोन रविवार लागले मला आणि बाबांना. पासिंग पण झालं, टेन्शनच संपलं."

"माझं सामान कुठाय?"

"ते जुन्या बाजारात दिलं. रिमला चांगलं गिऱ्हाईक मिळालं, यार."

मी बाबांकडे बघितलं. ते दारात खुर्चीवर बसले होते, गाडीकडे बघत, समाधानानं. "साहेबानं काय काय तपासलं?" मी विचारलं.

भाऊच बोलला. "काही नाही गं. चासी नंबर बघितला, पेन्सिल घासून त्याचा छाप घेतला, सही. गाडीकडे बघितलं पण नाही."

"आणि नाव?"

आई आत गेली. मग बाबा म्हणाले, "तू नव्हती ना इथं सही कराले. यानं केली. आन् तू तं लग्न करून जाशीन येक दिवस. गाडी इथंच राहीन ना, बेटा."

बेटा म्हणाले, हे विशेष. बाबांनी आयुष्यात सरकारला कधी फसवलं नाही. भाड्याचा साडीगार्ड लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मुलीला दिलेला शब्द बहुधा सरकारी कामात मोडत नसावा.

मी ओरडले, खूप ओरडले. गल्लीनं ऐकलं. भाऊ म्हणाला, अगं चालव की तू पण, कोण नाही म्हणतंय. मी तावातावानं गाडीशी गेले आणि ती मेन स्टँडवर चढवायला गेले. नाही चढली. दोनदा जोर लावला, नाही चढली. भावानं मला अलगद बाजूला केलं आणि एका झटक्यात चढवली. त्याला त्यात काही वाईट करतोय असं वाटलं नसणार. तो जाऊन बाबांशेजारी दाराच्या पायरीवर उभा राहिला, मी अंगणात, आणि मला इतकी शरम वाटली की जणू काही चुकलं होतं ते माझंच.

एकदाच मी त्या गाडीवर मागे बसले. पाऊस होता, बस नव्हती, भाऊ म्हणाला सोडतो. औंधपर्यंत त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पिळली. त्याच्या खांद्यावरून मला काटा दिसत होता. साडेआठ हजार. इंजिन किंचाळत होतं.

"अरे, गिअर बदल. काटा बघ."

"ताई, तो मीटर शोचा असतो गं," तो वाऱ्यात ओरडला. "सगळ्यांचा खोटाच दाखवतो."

मी गप्प बसले. इंजिन जाणार, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. इंजिननं दिवाळीपर्यंत दम धरला. पिस्टन अडकला, गाडी ढकलत घरी आणली, आणि गल्लीत कारण ठरलं ते असं: पोरीनं हलकं सामान लावून गाडीची वाट लावली होती. ते हलकं सामान केव्हाच जुन्या बाजारातून दुसऱ्या कोणाच्या गाडीवर गेलं होतं, याचा हिशेब कोणी मांडला नाही. भाऊ या वेळी हसलासुद्धा नाही, नुसता गप्प राहिला.

लग्न करून मी कुठे गेले नाही. जमलं नाही, मग मीच जमवायचं सोडलं. पुढे स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या नावावर बिनगिअरची स्कूटर घेतली. भाऊ नोकरीनिमित्त परदेशी गेला. ती लाल गाडी भंगारात गेली, साडीगार्डासकट. बाबांचे गुडघे गेले, आणि आता त्यांना विहारात न्यायचं काम माझ्याकडे आलं.

मागच्या पौर्णिमेला मी त्यांना दाराशी उतरवलं. ओळखीच्या एका काकूंनी कौतुकानं विचारलं, "गाडी कोणाची हो?"

"माह्या पोरीची," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "आमच्या घरी पोरगी आन् पोरगा येकाच तराजूत. पह्यली गाडी बी मी हिलेच देल्ली होती. लाल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. तसं काही नव्हतं. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. इतकी वर्षं मी ज्या माणसावर चिडून होते, तो चिडायलासुद्धा आता उरला नव्हता. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, असे वडील मिळायला भाग्य लागतं. मी चपला काढल्या, बाबांचा हात धरला आणि त्यांना आत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं.